पैसे वाढले, आता रोज दोन तास माणूस द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरला पहिल्यांदाच लिहायलेय, तेही मोबाईलवर टाइप करून, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघून घ्या. २०२५ च्या ऑक्टोबरपासून संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचे महिन्याचे पैसे १५०० चे २५०० झाले, बॅनर लागले, आमच्या गावात तर एकानं पेढे पण वाटले. मी पण खाल्ला पेढा. हजार रुपये वाढले तर वाईट काय त्यात, काही वर्षांपूर्वी तर ६०० च मिळायचे. पण त्या दिवसापासून जो भेटंल तो म्हणायलाय की आता तुमचं काय टेन्शन नाही, सरकारनं सोय केली. म्हणून लिहावं वाटलं की सोय म्हणजे काय असते.

माझा थोरला पोरगा २१ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडानं हातपाय आखडलेले, ८५ टक्के अपंगत्व, म्हणून निळं कार्ड. वजन ४८ किलो, माझं ५१. डोकं चांगलं चालतं त्याचं, मॅच असली की स्कोअर तोच सांगतो सगळ्या घराला, फक्त त्याचं बोलणं घरच्यांशिवाय कोणाला कळत नाही. बाकी मग उठवणं, संडासला नेणं, धुणं, आंघोळ, घास भरवणं, आन दर दोन-तीन तासाला कूस बदलणं. कूस बदलायचं चुकलं की पाठ सोलून निघते. एकदा अशी जखम झाली होती ती भरायला चार महिने लागले. घरकुलाचा संडास इतका लहान आहे की आत दोघं मावत नाहीत, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी खुर्ची करून घेतली मधात भोक पाडून, ती अंगणात कनाती आड ठेवलीय. पोरगं २१ वर्षांचं झालंय, त्याला लाज वाटते, येणाऱ्या-जाणाऱ्याचा आवाज आला की अंग आखडून घेतो.

माझ्या मणक्याची गादी सरकलीय. डॉक्टर म्हणाले वजन उचलायचं नाही. मी म्हणलं बरं.

आता हिशोब सांगते. सोयाबीन काढणीला आन कापूस वेचायला मी जायचे तेव्हा घरात दोन पैसे यायचे. पोरगा जसा जड होत गेला तसं माझं जाणं बंद झालं, कारण दुपारी त्याला बघायला कोणीच नाही. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. घरी शिलाई मशीन आहे, त्याच्यावर ब्लाऊज शिवते, तेही तो झोपला की. म्हणजे या आजारानं आमच्या घरातले एक नाही दोन माणसं कामातून गेले, आन पेन्शन एकाची. वरून उत्पन्नाचा दाखला पन्नास हजाराच्या आतला पाहिजे. वर्षाला पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काहीतरी, एवढ्यात माणूस जगतो का हो, आन जगला तर त्याचं लेकरू जगतं का?

शाळेत विशेष शिक्षक होते एक, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून घरी यायचे. महिन्यातून दोनदा यायचे पण यायचे. त्याच्या हाताला पेन धरायला त्यांनीच शिकवलं, मला मसाज शिकवला, पाय वाकडे होऊ नयेत म्हणून कसं बसवायचं ते दाखवलं. त्यांच्यामुळंच मला कायदा कळला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, ज्यात सातचे एकवीस प्रकार केले, त्याच्या कलम २४ मधे स्पष्ट लिहिलंय की ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहूचा भत्ता, सरकारनं आपल्या ऐपतीप्रमाणं योजना करायचीय. कलम ३८ मधे तर असं आहे की असा माणूस स्वतः अर्ज करू शकतो की मला जास्त आधार द्या, आन मग बोर्डानं तपासून सांगायचं. सरांनी मोबाईलवर दाखवलं तेव्हा मला वाटलं की आता काहीतरी होईल. मी अर्ज लिहिला. तालुक्याच्या ऑफिसात दिला तर भाऊसाहेब म्हणाले, ताई असं काही खर्चाचं हेडच नाही आमच्याकडं, तुम्ही जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याला म्हणाले तालुक्याला द्या. दोन्हीकडची पोच माझ्याजवळ आहे, फाईलमधे.

केरळात अशी योजना आहे, आश्वासकिरणम नावाची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. सहाशे काही फार नाहीत, पण कोणीतरी मानलं तरी की सांभाळणारं पण एक माणूस आहे. आमच्याकडं तर सांभाळणारीला लोक काय म्हणतात, तर माय आहे, करावंच लागतं.

अठरा वर्षं झाली आन सगळं एकदम बंद. शाळेचे सर बंद. जिल्ह्याला लहान लेकरांचं ते शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथली फिजिओथेरपी पण अठराच्या आतल्यांनाच. जसा काही अठराव्या वाढदिवसाला तो उठून चालणार होता. आन बंद झालं ते झालं, नवीन लफडं सुरू झालं. बँकेत गेलो तर म्हणे आता हा सज्ञान आहे, सही करू शकत नाही तर पालकत्वाचं सर्टिफिकेट आणा. ते नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली मिळतं, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली समिती देते. मग त्याचे कागद. पोरगा शेजारी बसून सगळं ऐकत होता, त्याला समजत होतं की त्याच्याच बद्दल चाललंय, घरी आल्यावर जेवला नाही. त्यानंतर आधारचा अंगठा. त्याच्या मुठी आखडलेल्या असतात, बोटं उघडत नाहीत, मशीन घेत नाही. बायोमेट्रिकला सूट देता येते हे सेंटरवाल्याला माहीतच नव्हतं, आम्हीच सांगितलं. आता पैसे डीबीटीनं, म्हणजे थेट खात्यात येतात, आधार लिंक नाही तर पैसे नाहीत, तीन महिने अडकले होते.

आन प्रत्येक वेळी त्याला घेऊन या. केवायसीला घेऊन या, टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाला घेऊन या, हयातीच्या दाखल्याला घेऊन या. एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे, पण एसटीच्या पायऱ्या चढवून द्यायची सवलत नाही ना. चारचाकी करावी लागते, जायला यायला आन दिवसभर थांबायला २५०० घेतो गाडीवाला. बघा, बरोबर २५०० च. म्हणजे वाढीव पेन्शनचा एक महिना एका फेरीत संपला. आन तिथं गेल्यावर कधी डॉक्टर रजेवर तर कधी सर्व्हर डाऊन. एकदा बोर्डाच्या दिवशी आम्ही सकाळी सहाला निघालो, दुपारी दीडला सांगितलं आज पन्नास झाले, पुढच्या आठवड्यात या. माझा पोरगा तोपर्यंत व्हरांड्यात चादरीवर पडलेला. मी काही भांडले नाही तेव्हा. आता वाटतं भांडायला पाहिजे होतं.

दुसरं सांगायचंय ते माझ्या भावाबद्दल. माहेरी राहतो, ३४ वर्षांचा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, मनाचा आजार. बारा वर्षांपूर्वी पुण्याला कंपनीत होता, तिथून असा परत आला की कोणीतरी आपल्या मागं आहे म्हणून. सुरुवातीला देवाधर्माचं केलं, खोटं कशाला बोलू, दोन-तीन ठिकाणी नेऊन बांधून पण ठेवलं होतं त्याला, आम्हाला काय कळत होतं. गोळ्या सुरू झाल्यावर बराच सुधारला. पण गोळी बंद झाली की महिन्या-दोन महिन्यात परत तेच.

माझ्या पोराचं अपंगत्व लांबून दिसतं. भावाचं दिसत नाही. बोर्डावर गेलो तर रांगेतला एक माणूस म्हणाला हे तर धडधाकट दिसायलेत. मानसिक आजाराचे टक्के काढायला आयडियाज नावाचं मोजमाप आहे, त्यात स्वतःची स्वच्छता ठेवतो का, लोकांत मिसळतो का, बोलणं-समजणं कसंय, काम करतो का असे चार भाग बघतात आन आजार किती वर्षं आहे ते धरतात. चांगलं आहे ते. पण हे कोणाला विचारतात, तर त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आलेला असतो, कारण आईनं पहाटे उठून आंघोळ घालून आणलेला असतो, आन विचारलं की म्हणतो मी सगळं करतो. तेवढ्यावर पहिल्यांदा ३५ टक्के दिले. चाळीसच्या खाली म्हणजे काहीच नाही. परत अर्ज, परत फेऱ्या, मग ५५ आले, पिवळं कार्ड, तेही टेम्पररी, मुदत संपली की परत बोर्ड. ज्याला घराबाहेर पडायचीच भीती वाटते त्याला दर काही वर्षांनी गर्दीत नेऊन सिद्ध करायचं की तुला अजून भीती वाटते.

आन त्याच्यासाठी निरामय विमा पण नाही. निरामय म्हणजे एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचे पण पैसे मिळतात, माझ्या पोराला आहे. पण तो नॅशनल ट्रस्टचा, आन त्या ट्रस्टच्या कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आन बहुविकलांग एवढेच चार. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. एकाच आजीचे दोघं, एक लेक आन एक नातू, एकाला एक कायदा लागतो दुसऱ्याला दुसरा.

त्याच्या वाट्याचा कायदा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याचं कलम १८ मी मराठीत वाचून घेतलं. त्यात आहे की सरकारनं नुसता दवाखाना नाही तर हाफवे होम म्हणजे दवाखाना आन घर यांच्या मधलं राहायचं ठिकाण, आधाराची राहण्याची सोय, कुटुंबाला आधार, घरी येऊन पुनर्वसन, हे सगळं द्यायचंय. जिल्ह्यात ही सोय नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यात जा, खर्च सरकार देईल असं पण आहे. कलम १९ म्हणतं की माणसाला समाजात राहायचा हक्क आहे, घरच्यांनी टाकलं म्हणून त्याला इस्पितळात डांबून ठेवायचं नाही. किती छान लिहिलंय. आता आमच्याकडं बघा. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात कुठं आहेत, तर ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एक पण नाही, जालन्याला मंजूर झाल्याच्या बातम्या आम्ही वाचत असतो. मला काही मोठं इस्पितळच पाहिजे असं नाही, माझ्या भावाला तर कुठं ठेवायचंच नाही आम्हाला. पण इस्पितळ पण नाही आन घरी येणारं पण कोणी नाही, मग आहे काय?

आहे ते असं की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम येते. डॉक्टर खरंच चांगले आहेत, आईला मावशी म्हणून बोलतात. पण एका दुपारी शंभरावर पेशंट, त्यात ते काय करतील. गोळ्या कधी असतात कधी एक असते एक नसते, ती बाहेरून घ्या. आन पेशंटला आणा म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं, बघितल्याशिवाय गोळी कशी बदलणार. पण ज्या महिन्यात भावाची तब्येत बिघडते त्याच महिन्यात तो यायला तयार नसतो! चांगला असला की स्वतः चालत जातो. म्हणजे ज्या दिवशी डॉक्टरची खरी गरज आहे त्याच दिवशी डॉक्टर लांब. महिन्याचं एक इंजेक्शन असतं, ते घेतलं की रोजच्या गोळीची कटकट नाही. सिस्टर जर महिन्यातून एकदा घरी येऊन ते देऊन गेली तर आमचं निम्मं भांडण मिटंल. उपकेंद्र माहेरच्या घरापासून अर्धा किलोमीटर पण नाही.

मनाच्या त्रासात फोन करायला सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असतो, २०२२ पासून आहे, फुकट आहे. हा नंबर जरूर छापा, लई लोकांना माहीत नाही. एका रात्री भाऊ गच्चीवर जाऊन बसला होता, आई खाली रडत होती, मी इकडून फोन लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली, घाई केली नाही, आईनं काय बोलायचं काय नाही ते सांगितलं, पहाटे तो उतरला. तिला नाव विचारायचं राहून गेलं. पण तिनं शेवटी सांगितलं की सकाळी जवळच्या दवाखान्यात न्या, तिथं आमची गाडी परत त्याच जागी येऊन थांबली.

शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा सरकारनं इकडं प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताई घरोघर जाऊन विचारायच्या की झोप लागते का, उदास वाटतं का. आमच्या घरी पण आली होती, नवऱ्याला विचारलं, फॉर्म भरला. मी तिथंच उभी होते, मला नाही विचारलं. तिचं काय चुकलं म्हणा, फॉर्म शेतकऱ्यासाठीचा होता. आन आता कोणी म्हणंल की मग हे पण आशाताईवरच टाका, तर कृपा करून टाकू नका. तिच्याकडं आधीच इतकी कामं आहेत की ती स्वतः एक दिवस आजारी पडंल.

सरकारला घरी येता येत नाही असं नाही. २०२४ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांच्या वरच्या दिव्यांगांना आन ८५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना घरून मतदान होतं ना, तेव्हा आमच्या दारात गाडी आली. पाच-सहा माणसं, एक पोलीस, एक व्हिडिओ कॅमेरावाला, पुठ्ठ्याचा आडोसा. पोरानं वडिलांच्या मदतीनं मत दिलं, चहा पण घेतला नाही त्यांनी. पोरगा आठ दिवस सगळ्यांना बोटाची शाई दाखवत होता. त्याचं घर कुठं आहे, तो उठू शकत नाही, हे सगळं तेव्हा बरोबर माहीत होतं यादीत. मग २०२५ च्या सप्टेंबरमधे जेव्हा गोदावरीचं पाणी गावात आलं तेव्हा ती यादी कुठं गेली? रात्री गल्लीतल्या चार पोरांनी बाजेसकट उचलून शाळेत नेलं त्याला. शाळेत पण संडासची तीच बोंब, दोन दिवस त्यानं पाणी पिणं कमी केलं.

मी काय मागायलेय ते सांगते. रोज दोन तास एक शिकलेला माणूस घरी यावा, पोरांसाठी पुरुष, बायकांसाठी बाई. आंघोळ घालंल, व्यायाम करून घेईल, मी तेवढ्यात बाजारात जाऊन येईन, नाहीतर नुसती पडून राहीन. हा माणूस गावातच मिळंल. बारावी होऊन पारावर बसलेली पोरं कमी आहेत का, बचत गटाच्या बायका आहेत, एक-दोन महिन्यांचं ट्रेनिंग द्या, तासाप्रमाणं पैसे द्या. पैसे कुठून, तर ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहेच. आमच्या गावात त्याचं काय होतं तर दिवाळीच्या तोंडावर कार्यक्रम, नारळ, फोटो, आन हातात पाकीट नाहीतर स्टीलचा डबा. एका वर्षी माझ्या पोराला सायकल दिली. तीनचाकी, हातानं फिरवायची. ज्याच्या मुठी उघडत नाहीत त्याला. ती आता शेजारच्याच्या गोठ्यात आहे, तो त्याच्यावर वैरण आणतो. मला माहितीय, लहान गावांची घरपट्टीच वसूल होत नाही, त्याच्या पाच टक्क्यांत माणूस ठेवता येणार नाही. मग वरचे पैसे राज्यानं घालावेत, २०२२ मधे दिव्यांगांचा वेगळा विभाग केला तो कशासाठी? तालुक्याला मिळून अशी वीस माणसं नेमून एक वर्ष करून बघा, एका तालुक्यात तरी बघा. आमच्या मागच्या गल्लीतलं घर दरवर्षी ऊसतोडीला जातं, त्यांची बोलता-ऐकता न येणारी पोरगी सहा महिने म्हाताऱ्या आजीजवळ असते, आजीला दिसत नाही. त्या दोघींना २५०० पेक्षा सकाळ-संध्याकाळ कोणीतरी डोकावणारं पाहिजे.

आन भावासारख्यांसाठी महिन्याला एक सिस्टर घरी, गोळ्या उपकेंद्रात, आन बोर्ड तालुक्याला. जो खरंच उठू शकत नाही त्याचं बोर्ड घरी येऊन करा, मतदानाला आलात तसे.

माझी आई ७१ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, मी गेल्यावर ह्याला तू नेशील का. मी हो म्हणलं. घरी येऊन पोराला कूस बदलून देताना विचार करत होते की कुठं झोपवायचं.

पत्र लई मोठं झालं, काटछाट केली तरी चालंल, पण १४४१६ तेवढा राहू द्या. एक विनंती, माझं आन गावाचं नाव छापू नका. पुतणीची सोयरीक चालू आहे, पाहुण्यांना भावाचं अजून सांगितलेलं नाही. मी लपवायच्या विरोधात आहे, पण पोरगी माझी नाही, जाऊबाईची आहे. तुमच्या ऑफिसातून कोणाला बोलायचं असलं तर खाली नंबर दिलाय तो फक्त तुमच्यासाठी, दुपारी दोन ते चारच्या मधात करा, तेव्हा तो झोपलेला असतो.

आपली वाचक,
एक आई, गोदाकाठ, मराठवाडा